एडब्ल्यूएस क्लाउडट्रेल

एडब्ल्यूएस क्लाउडट्रेल ही ॲमेझॉन वेब सर्व्हिसेस (एडब्ल्यूएस) या कंपनीची, क्लाउड खात्यातील हालचालींची नोंद ठेवणारी सेवा आहे. खात्यात कोणी, केव्हा, कोणत्या आयपी पत्त्यावरून कोणती कृती केली, हे या नोंदींवरून कळते. लेखापरीक्षण, सुरक्षाविषयक तपास आणि कायद्याची पूर्तता यांसाठी त्यांचा उपयोग होतो.

पार्श्वभूमी

एडब्ल्यूएसची डेटा केंद्रे जगभर भौगोलिक विभागांमध्ये वाटलेली असून अशा विभागास ‘रीजन’ म्हणतात. भारतातील पहिला विभाग जून २०१६ मध्ये मुंबई येथे सुरू झाला. त्याचे सांकेतिक नाव एपी-साउथ-१ आहे. हैदराबाद येथील दुसरा विभाग नोव्हेंबर २०२२ मध्ये सुरू झाला. प्रत्येक विभागातील यंत्रणा इतर विभागांपासून स्वतंत्र असते.

महाराष्ट्रातील एखाद्या संस्थेचे सर्व काम मुंबई विभागात चालत असले, तरी तिच्याच खात्यातून फ्रँकफर्ट किंवा साओ पाउलो येथेही सर्व्हर सुरू करता येतात. खात्याची गुप्त किल्ली चोरणारे अनेकदा असे न वापरलेले विभाग निवडतात व तेथे आभासी चलनाच्या खननासाठी सर्व्हर चालवतात. फक्त मुंबई विभागाच्या नोंदी पाहणाऱ्या संस्थेला ही घुसखोरी दिसत नाही. म्हणून सर्व विभागांच्या नोंदी एकत्र गोळा करणे आवश्यक मानले जाते.

इतिहास

ही सेवा नोव्हेंबर २०१३ मध्ये जाहीर झाली. आरंभी नोंदी साठवण्यासाठी प्रत्येक विभागात स्वतंत्र ‘ट्रेल’ तयार करावा लागे. डिसेंबर २०१५ पासून एकच ट्रेल सर्व विभागांना लागू करता येऊ लागला. ऑगस्ट २०१७ मध्ये ही सेवा सर्व खात्यांसाठी आपोआप चालू करण्यात आली, तर नोव्हेंबर २०१८ पासून एका संस्थेच्या अनेक खात्यांसाठी सामाईक ट्रेल ठेवण्याची सोय झाली.

कार्यपद्धती

कोणताही ट्रेल तयार केलेला नसतानाही व्यवस्थापनविषयक घटनांचा मागील ९० दिवसांचा इतिहास विनामूल्य पाहता येतो; मात्र तो एका वेळी एकाच विभागापुरता दिसतो. त्याहून दीर्घकाळ नोंदी ठेवण्यासाठी ट्रेल आवश्यक असतो. बहुविभागीय ट्रेल खात्यात चालू असलेल्या सर्व विभागांतील नोंदी एस३ या साठवण सेवेतील एका ठिकाणी पाठवतो. तेथे त्या खाते क्रमांक, विभाग व दिनांक यांनुसार लावलेल्या असतात. हैदराबाद विभाग खातेधारकाने स्वतः चालू करावा लागतो. चालू केल्यावर ट्रेल तेथेही आपोआप लागू होतो. ट्रेल ज्या विभागात तयार केला, तो त्याचा मूळ विभाग ठरतो आणि त्यात बदल तेथूनच करता येतात.

वापरकर्ते व त्यांचे अधिकार सांभाळणारी आयएएम ही सेवा जागतिक स्वरूपाची आहे. मुंबईत बसून नवा वापरकर्ता निर्माण केला, तरी त्याची नोंद अमेरिकेतील उत्तर व्हर्जिनिया विभागात होते.

नोंदींमधील वेळ जागतिक समन्वित वेळेनुसार असते. भारतीय प्रमाणवेळ तिच्यापुढे साडेपाच तास असल्याने १ जुलै रोजी पहाटे ४ वाजता केलेली कृती ३० जूनच्या रात्री १०:३० या वेळेखाली सापडते.

भारतातील नियम

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संगणक सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये निर्देश काढले. त्यांनुसार सेवा पुरवठादार, डेटा केंद्रे, कंपन्या व शासकीय संस्था यांनी आपल्या संगणक प्रणालींच्या नोंदी १८० दिवस सुरक्षित ठेवणे आणि ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवणे बंधनकारक आहे. केवळ ९० दिवसांच्या विनामूल्य इतिहासावर विसंबल्यास ही मुदत पूर्ण होत नाही.

मर्यादा

साठवलेल्या फाइल वाचणे किंवा पुसणे यांसारख्या डेटाविषयक घटना आपोआप नोंदल्या जात नाहीत. त्या स्वतंत्रपणे चालू कराव्या लागतात व त्यांचे शुल्क पडते. नोंदी साठ्यात पोहोचण्यास साधारणतः ५ मिनिटे लागतात. ही सेवा कृती रोखत नाही, केवळ नोंदवते. पुरेसे अधिकार मिळवलेला घुसखोर ट्रेल बंद करू शकतो. त्यामुळे नोंदी वेगळ्या खात्यात ठेवण्याची शिफारस केली जाते. नोंदींच्या फाइलमध्ये नंतर फेरफार झाला आहे का, हे एसएचए-२५६ पद्धतीच्या हॅशद्वारे पडताळता येते.