आध्यात्मिक मार्गदर्शन, ख्रिस्ती

प्रार्थनेत आणि रोजच्या जगण्यात देव आपल्याला कुठे नेतो आहे, हे एखाद्या अनुभवी व्यक्तीच्या सोबतीने नियमितपणे पडताळून पाहण्याची ख्रिस्ती परंपरेतील साधना. भेट साधारणपणे महिन्याकाठी एकदा, तासाभराची असते. पापनिवेदनाहून ती वेगळी. येथे पापक्षमा दिली जात नाही, त्यामुळे मार्गदर्शक धर्मगुरूच हवा असे नाही. सिस्टर किंवा प्रापंचिक व्यक्तीही हे काम करते. समुपदेशनाशीही तिची गल्लत होते. पण समुपदेशन अडचण सोडवण्यासाठी असते, येथे ती तशीच राहूनही भेट सफल होऊ शकते.

चौथ्या शतकात ईजिप्तच्या वाळवंटातील एकांतवासी ‘अब्बा’ आणि ‘अम्मां’पुढे तरुण साधक मनात उठणारे बरेवाईट विचार उघड करीत. जॉन कॅसियनने (सु. ३६०–४३५) ही रीत गॉलमधील (आजच्या फ्रान्समधील) मठांत नेली. रशियात ती ‘स्तारेत्स’ म्हणजे मठातील वडीलधाऱ्या साधूंनी जपली. कादंबरीकार दस्तयेवस्की १८७८ मध्ये ऑप्तिना मठातील अशाच एका साधूला भेटला होता.

पश्चिमेत तिला घाट दिला तो इग्नेशियस लोयोलाने (१४९१–१५५६). १५२१ मध्ये पांप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडून तो अंथरुणाला खिळला, तेव्हा त्याच्या लक्षात आले की शौर्याची दिवास्वप्ने मनाला सुखावून मग कोरडे सोडतात, संतचरित्रे वाचून झालेला आनंद मात्र टिकतो. त्याची विवेकाची सगळी पद्धत या निरीक्षणातून वाढली. पोप तिसरा पॉल याने १५४८ मध्ये मान्यता दिलेले त्याचे ‘स्पिरिच्युअल एक्झरसायझेस’ हे पुस्तक सलग वाचायला घेणाऱ्याची निराशाच होते. ती रिट्रीट (एकांतसाधना) देणाऱ्यासाठी केलेली टाचणे आहेत. सुमारे तीस दिवसांत साधकाने मार्गदर्शकाला मनाची उभारी आणि मरगळ सांगत जायचे. मरगळीच्या काळात आधीचा निश्चय बदलायचा नाही, हा त्यातला सर्वांत व्यवहारी नियम. मार्गदर्शकाने तराजूच्या काट्यासारखे मध्ये राहावे, साधकाला संन्यासाकडे ढकलू नये आणि संसाराकडेही नाही, असे इग्नेशियस बजावतो. गुरुवचन प्रमाण मानणाऱ्या वाचकाला हे चमत्कारिक वाटेल. येथे गुरुमंत्र नाही, आणि मार्गदर्शक बदलताही येतो.

तरीही व्यवहारात सत्ता शिरलीच. अर्धवट शिकलेल्या मार्गदर्शकांनी आपले नुकसान केल्याचे स्पॅनिश संत आविलाची तेरेसा (१५१५–८२) लिहून ठेवते. तिचा सहकारी क्रूसाच्या योहानाने तर आंधळ्या मार्गदर्शकाला थेट सैतानाच्या पंक्तीला बसवले. वरिष्ठांनी मठवासीयांना अंतःकरण उघड करायला भाग पाडू नये, असा हुकूम रोमने १८९० मध्ये काढला. १९८३ च्या कॅनन कायद्यातही ही मनाई आहे. शिवाय, सेमिनरीतील (धर्मगुरूंच्या प्रशिक्षणसंस्थेतील) उमेदवाराला धर्मगुरुपदाची दीक्षा द्यायची की नाही हे ठरवताना त्याच्या आध्यात्मिक मार्गदर्शकाचे मत विचारता येत नाही.

देव आणि भक्त यांच्यामध्ये तिसरा कशाला, या शंकेमुळे प्रॉटेस्टंट पंथ दीर्घकाळ दूर राहिले. अँग्लिकन लेखिका एव्हलिन अंडरहिल हिने मात्र १९२१ पासून कॅथलिक विचारवंत बॅरन फॉन ह्यूगेलचे मार्गदर्शन घेतले आणि पुढे स्वतः अनेकांना दिले.

महाराष्ट्रात या क्षेत्रातले ठळक नाव फादर अँथनी डिमेलो (१९३१–८७) यांचे. मुंबईत जन्मलेल्या या येशूसंघीय (जेझुइट) धर्मगुरूने पुण्यात ‘साधना’ संस्था सुरू केली. ती पुढे लोणावळ्याला गेली. इग्नेशियसच्या पद्धतीला त्यांनी श्वासाच्या निरीक्षणाची आणि मानसशास्त्राची जोड दिली. त्यांच्या लेखनातील काही मतांविषयी १९९८ मध्ये रोमने सावधगिरीची सूचना काढली. त्यांची पुस्तके त्यानंतरही वाचली जातात.