निःश्वासाची साक्ष
वैद्य नाडी पाहतो, जीभ पाहतो; निःश्वासांतील आम्लतेची साक्ष मात्र फार उशिरां घेतली गेली. १९०९ सालीं कोपनहेगन येथें सोरेनसेन यांनीं आम्लता मोजण्यासाठीं ‘पीएच’ अंक योजिला. पुढें २००० सालीं अमेरिकेंत व्हर्जिनिया येथें हंट व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दमेकऱ्यांचा निःश्वास गार करून त्याचा द्रव तपासला. निरोगी माणसांत तो अंक सरासरी ७.६५ भरला, दम्याच्या तीव्र झटक्यांत ५.२३, आणि स्टेरॉइड उपचारानंतर तो पूर्ववत् झाला. धापा टाकणाऱ्या लेंकराच्या श्वासनलिकेंत दुर्बीण न घालतां दाह कळेल, अशी आशा उपजली. परंतु तोंडांतील अमोनियाहि हा अंक पालटवितो, असा आक्षेप इतर संशोधकांनीं घेतला. साक्षीदार मिळाला एवढ्यानें न्याय होत नाहीं. त्याची उलटतपासणीहि व्हावी लागते, असें आम्हांस वाटतें.