करवीर राज्याचे आरमार आणि सुकाण्याची घडण

प्रस्तावना

मराठ्यांच्या आरमाराचा अभ्यास बहुधा जलदुर्ग, लढाया आणि सरदार यांच्या अनुषंगाने झालेला आहे. जहाजाच्या मागील टोकाला सुकाणू धरून उभा राहणारा सुकाणी मात्र या इतिहासात अनामिकच राहिला. कोल्हापूर हे सह्याद्रीच्या पूर्वेस वसलेले शहर असले, तरी सुमारे शतकभर मालवणचे बंदर व सिंधुदुर्ग करवीर छत्रपतींच्या ताब्यात होते. त्यामुळे कुशल सुकाणी कसा घडत होता व राज्यसंस्थेने त्याच्या कौशल्याचे जतन कसे केले, हा प्रश्न कोल्हापूरच्या इतिहासाशी निगडित ठरतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा थोडक्यात परामर्श घेतला आहे.

सुकाण्याच्या कामाचे स्वरूप

मराठी आरमारात गुराब व गलबत ही दोन प्रमुख लढाऊ जहाजे होती. गुराब दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, उथळ पाण्यात चालणारी असे. तिच्या नाळेवरील तोफा सरळ पुढच्या दिशेने रोखलेल्या असत. साहजिकच तोफेचा नेम धरणे म्हणजे संपूर्ण जहाज वळवणे होय. गोलंदाजाचे यश सुकाण्याच्या हातावर अवलंबून राही. गलबत लहान व चपळ असून मोठ्या गलबतावर चाळीस ते पन्नास वल्ही चालत. वारा पडला की गलबते दोर लावून गुराबांना ओढून नेत. अशा वेळी वल्ह्यांचा ताल, दोराचा ताण आणि पाण्याची ओढ या तिन्ही गोष्टींचे भान सुकाण्याला एकाच वेळी ठेवावे लागे.

यात स्थानिक पाण्याच्या ज्ञानाची भर पडते. इ. स. १६६४ मध्ये बांधकाम सुरू झालेल्या सिंधुदुर्गाभोवती पाण्याखाली खडकांच्या रांगा आहेत. भरती-ओहोटीनुसार त्यांतील वाटा बदलतात. हे खडक परक्या जहाजाला अडसर व ओळखीच्या सुकाण्याला संरक्षण होते. असे ज्ञान ग्रंथातून मिळत नाही. किनाऱ्यावरील गाबीत, भंडारी, कोळी, दालदी आदी समाजांत ते वडिलांकडून मुलाकडे, तांडेलाकडून खलाशाकडे प्रत्यक्ष कामातून पोहोचत असे.

उसन्या कौशल्याच्या मर्यादा शिवकाळातच दिसून आल्या होत्या. इ. स. १६५९ मध्ये शिवाजी महाराजांच्या जहाजबांधणीवर असलेले पोर्तुगीज कारागीर पोर्तुगीज अधिकाऱ्यांच्या दबावामुळे काम सोडून गेले. आरमाराला आपली माणसे आपल्याच किनाऱ्यावर घडवावी लागतील, हा धडा त्यातून मिळाला.

आज्ञापत्रातील व्यवस्था

रामचंद्रपंत अमात्य यांनी इ. स. १७१५ च्या सुमारास लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. सुकाण्याच्या शिक्षणाची चर्चा त्यात नाही, परंतु ते कौशल्य टिकण्यास आवश्यक असलेली व्यवस्था मात्र आहे. पाच गुराबा व पंधरा गलबते मिळून एक सुभा करावा, आरमाराचा तनखा मुलखातून नेमून द्यावा, पैदास्तीवर ठेवू नये, कारण त्यामुळे व्यापाऱ्यांस उपद्रव होऊन बंदरे उजाड होतात, असा त्याचा आशय आहे. पावसाळ्यातील छावणी दरवर्षी निराळ्या बंदरी करावी, असेही त्यात सांगितले आहे.

या नियमांचा हेतू प्रशासकीय असला, तरी त्यांचा परिणाम त्यापलीकडे जातो. पावसाळ्यात समुद्र बंद असतो. त्या काळातही ज्याला वेतन मिळते, तोच सुकाणी पुढील हंगामात त्याच जहाजावर परततो. नेमलेला तनखा म्हणजे अनुभव साठवून ठेवण्याचा उपाय होता, असे म्हणता येईल.

ऱ्हासाची कारणमीमांसा

इ. स. १७३१ च्या वारणेच्या तहाने करवीरच्या स्वतंत्र गादीला मान्यता मिळाली. तथापि राज्याचे उत्पन्न मर्यादित होते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मालवणचे आरमार उत्तरोत्तर व्यापारी जहाजांच्या लुटीवर विसंबू लागले. अमात्यांनी वर्ज्य सांगितलेली पैदास्त ती हीच. इ. स. १७६५ मध्ये इंग्रजांनी सिंधुदुर्ग जिंकून त्यास ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नाव दिले व पुढील वर्षी तो करवीरकरांना परत केला. अखेर इ. स. १८१२ च्या तहान्वये मालवण व सिंधुदुर्ग इंग्रजांकडे गेले आणि करवीरचे आरमार संपुष्टात आले. किनाऱ्यावरील खलाशी-तांडेलांची विद्या मासेमारीत व मालवाहू गलबतांवर टिकून राहिली, पण तिला आश्रय देणारी राज्यसंस्था उरली नाही. हिंदी तरुणांना जहाजावरील अधिकारी म्हणून शिक्षण देणारे ‘डफरिन’ हे प्रशिक्षण जहाज मुंबईत सुरू होण्यास इ. स. १९२७ हे वर्ष उजाडावे लागले.

समारोप

आज वल्ह्यांच्या नौकांचे स्वरूप क्रीडेचे झाले आहे. इ. स. १९७६ च्या हाँगकाँगमधील स्पर्धेपासून ड्रॅगन बोट हा आंतरराष्ट्रीय क्रीडाप्रकार म्हणून विस्तारला. तिच्या प्रमाण नौकेत वीस वल्हेकरी, एक ढोलवादक आणि मागे लांब वल्हे धरून उभा राहणारा एकच सुकाणी असतो. केरळातील चुंडन वळ्ळमच्या मागील उंच टोकाशीही असेच सुकाणी उभे असतात. वल्हेकऱ्यांचे बळ एका हंगामात वाढवता येते. सुकाण्याला मात्र तेच पाणी, तेच सोबती आणि अनेक हंगाम लागतात. करवीरच्या आरमाराचा इतिहास हेच दर्शवितो की, कुशल सुकाणी केवळ शिकवून तयार होत नाही, त्याला सांभाळावेही लागते. जी संस्था त्याला रिकाम्या हंगामात वाऱ्यावर सोडते, तिला ऐन प्रसंगी सुकाणू सोपवावे असा हात सापडत नाही.