मंडईला कुणी गुणपत्रिका विचारत नाही

अमेरिकन मालिकांमधलं ‘होमकमिंग’ तुम्ही पाहिलंच असेल. फुटबॉलची मॅच, गावातून मिरवणूक, हायस्कूलच्या पोरापोरींतून निवडलेले राजा-राणी आणि रात्री नाच. या सगळ्या झगमगाटात मूळ गोष्ट मात्र मागे पडते. ही प्रथा आधी कॉलेजांची होती आणि ती सुरू झाली गाव सोडून गेलेल्यांसाठी. १९०९ साली टेक्सासमधल्या बेलर विद्यापीठाने जुन्या विद्यार्थ्यांना परत बोलावलं, १९१० मध्ये इलिनॉय विद्यापीठाने. १९११ साली मिझुरी विद्यापीठाच्या चेस्टर ब्रुअर यांनी कॅन्ससविरुद्धच्या मॅचसाठी ‘घरी या’ अशी हाक माजी विद्यार्थ्यांना दिली. पहिला मान कुणाचा, यावर तिथे अजून वाद होतात.

आमच्या पवनीत वैनगंगेच्या काठावर अशी मॅच कधी झाली नाही. पण गाव सोडून गेलेल्यांना ठरलेल्या दिवशी परत बोलवायची रीत आमच्याकडेही आहे आणि ती आमच्या हायस्कूलांहून जुनी आहे. तिला मंडई म्हणतात.

झाडीपट्टीबाहेरच्या वाचकाला मंडई म्हटलं की भाजीबाजार आठवेल. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या धानाच्या पट्ट्यात मंडई म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा. भाऊबीज झाली की एकेका गावाची मंडई सुरू होते. हलका धान तोवर हाती आलेला असतो, घरात थोडा पैसा असतो. लेकी माहेरी येतात, जावई येतात, नागपूर-पुण्याला कामाला गेलेले येतात. दिवसा दंडार, खडी गंमत. रात्री मंडपात नाटक, ते पहाटेपर्यंत. या नाटकांवर झाडीपट्टीची अख्खी रंगभूमी उभी आहे. तिचे ज्येष्ठ नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा कुठे बाकीच्या महाराष्ट्राने इकडे जरा वळून पाहिलं.

आता शाळेकडे येऊ. ‘बॅच’ हा शब्द आपण इतक्या सहज वापरतो की तो कुठून आला हे मनातही येत नाही. आमच्या आजोबांच्या पिढीत माणूस ‘सातवी पास’ किंवा ‘मॅट्रिक’ असायचा. तेव्हा मॅट्रिक म्हणजे अकरावी. मग महाराष्ट्रात दहावी-बारावीचा नवा आकृतिबंध आला आणि १९७५ साली जुनी अकरावी आणि नवी दहावी अशा दोन्ही वर्गांनी एसएससीची परीक्षा दिली. त्यानंतर दहावीचं साल हीच माणसाची ओळख झाली. ‘तू कोणत्या सालचा?’ म्हणजे जन्माचा नव्हे, दहावीचा.

पास झालेले बाहेर पडले. नागपूर-नागभीड नॅरोगेजवर ‘पवनी रोड’ नावाचं स्टेशन होतं. ती छोटी गाडी २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली. रस्त्याने गेले ते एसटीने गेले. मग मोबाइल आले, व्हॉट्सअॅप आलं, आणि पंचवीस-तीस वर्षं एकमेकांना न दिसलेली माणसं आठवडाभरात एका ग्रुपवर गोळा झाली. तिथून ‘माजी विद्यार्थी स्नेहमिलन’ ठरतं. फ्लेक्स लागतो, सरांना आणि बाईंना शाल-श्रीफळ दिलं जातं, गेलेल्या मित्रांसाठी दोन मिनिटं उभं राहणं होतं, पुन्हा बाकांवर बसून हजेरी होते, आणि शेवटी शाळेला पंखा किंवा पाण्याची टाकी. तारीख बहुधा दिवाळीच्या सुट्टीतली, कारण लोक तसेही मंडईला आलेले असतात. म्हणजे नवा सण जुन्या सणाच्या मांडवातच उभा राहिला.

पण या दोन सणांत एक फरक आहे आणि मला तो सलतो. मंडईला कुणी गुणपत्रिका विचारत नाही. स्नेहमिलनाची यादी मात्र दहावीच्या निकालावरून बनते. माझ्या बाकावर पाचवीपासून बसणारा पोरगा आठवीत शाळा सोडून रोवणीच्या कामाला लागला. तो कुठल्याच ‘बॅच’चा नाही. मंडईत तो दंडारीत नाचतो आणि मला पाहून ‘कधी आला बे?’ म्हणून ओरडतो. शाळेच्या ग्रुपवर त्याचा नंबर नाही. मुलींचं तर आणखी अवघड. मंडई ही मुळात लेकींच्या येण्याची जत्रा. स्नेहमिलनात त्याच लेकी सापडत नाहीत, कारण आडनाव बदललेलं, गाव बदललेलं, आणि नंबर अनेकदा नवऱ्याच्या नावावर.

तिसरी गोष्ट पाण्याची. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते पवनीजवळच्या गोसेखुर्द धरणाचं भूमिपूजन झालं. वैनगंगेवरचा हा बांध अकरा किलोमीटरहून लांब आहे. २००९ साली तो राष्ट्रीय प्रकल्प झाला. बुडीत क्षेत्रातली गावं उठली, नव्या गावठाणांत वसली. त्या गावांच्या लोकांना ‘शाळेत परत या’ म्हणायचं तर कुठल्या शाळेत? मंडई नव्या गावठाणात भरवता येते, देवही हलवता येतो. ज्या व्हरांड्यात पाढे म्हटले तो व्हरांडा हलवता येत नाही.

जाणाऱ्या माणसाने मागे नाव ठेवावं, ही ओढ या मातीत फार जुनी आहे. १९६९-७० मध्ये पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून उत्खनन केलं. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या त्या कामातून मौर्य-सातवाहन काळातला मोठा स्तूप उजेडात आला. त्याच्या दगडी कठड्यांवर ब्राह्मीत दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. साधी उपासक माणसं ती. त्यांनी किती शिकलं, कितवीत सोडलं, याची नोंद दगडावर नाही. दिलं म्हणून नाव राहिलं, एवढंच.

शाळेकडेही असा एक दगड आहे: दाखल-खारीज रजिस्टर. त्यात पास झालेलेच नसतात, आत आलेला प्रत्येक जण असतो. आठवीत सुटलेला असतो. मुलगी तिच्या माहेरच्या नावाने असते. शाळा पाण्याखाली गेली तरी रजिस्टर पेटीत घालून नव्या जागी नेता येतं. तुमच्या गावात यंदा स्नेहमिलन ठरत असेल, तर ग्रुप काढण्याआधी मुख्याध्यापकांना विनंती करून ते रजिस्टर पाहा. नावं तिथून उतरवा आणि मग फोन नंबर शोधायला लागा. काही नंबर किराणा दुकानात मिळतील, काही बांधावर, काही दोन तालुके पलीकडच्या सासरी. हे सगळं व्हायला दोन महिने लागतील. मंडईला अजून तेवढा वेळ आहे.