लोकांचा तिसरा वाटा
बडोद्याच्या ग्रंथालय चळवळीची एक बाजू

परप्रांतातील कोणत्याही महाराष्ट्र मंडळाचे जुने दप्तर उघडले, की आरंभीच्या पानांवर बहुधा दोन याद्या आढळतात. एक वर्गणीदारांची आणि दुसरी पुस्तकांची. गणेशोत्सवाचा मांडव आणि पुस्तकांचे कपाट या दोन गोष्टींसाठी मराठी माणूस जेथे जेथे गेला तेथे तेथे त्याने हात पसरला, आणि स्वतःचा खिसाही मोकळा केला. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने या वर्गणीच्या परंपरेतील एका मोठ्या प्रयोगाचे स्मरण करणे उचित ठरेल. तो प्रयोग मराठी राजाने, महाराष्ट्राबाहेर आणि मुख्यतः गुजराती वाचकांसाठी केला, हे त्याचे वैशिष्ट्य होय.

नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा गोपाळराव हा मुलगा १८७५ साली बडोद्याच्या गादीवर दत्तक आला, तेव्हा बारा वर्षांचा असूनही त्यास लिहिता-वाचता येत नव्हते. पुढे महाराज सयाजीराव गायकवाड म्हणून विख्यात झालेल्या या पुरुषाने विद्येचे मोल उशिरा आणि कष्टाने जाणले होते. १८९३ साली अमरेली तालुक्यात आणि १९०६ साली सर्व संस्थानात त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. परंतु शाळा सोडलेल्या मुलाच्या हाती पुन्हा पुस्तक पडले नाही, तर शिकलेली अक्षरे पुसून जावयास वेळ लागत नाही. शाळेच्या पाठोपाठ ग्रंथालय हवे, हा विचार त्यातूनच दृढ झाला.

अमेरिकेतील ग्रंथालये महाराजांनी प्रवासात प्रत्यक्ष पाहिली होती. १९१० साली त्यांनी न्यू हेवन येथील ग्रंथपाल विल्यम अॅलन्सन बॉर्डन यांस बडोद्यास पाचारण केले. बॉर्डन सुमारे तीन वर्षे येथे राहिले. राजवाड्यातील महाराजांचा सुमारे वीस हजार ग्रंथांचा खासगी संग्रह शहराच्या मध्यवर्ती ग्रंथालयास मिळाला, आणि त्याभोवती मोफत ग्रंथालयांचे एक जाळे उभे राहिले. स्त्रियांसाठी व मुलांसाठी स्वतंत्र विभाग निघाले. ग्रंथपालांच्या शिक्षणाचे वर्ग १९११ साली सुरू झाले. शहराची व्यवस्था एका शाखेकडे आणि कसबे व खेडी यांची दुसऱ्या शाखेकडे, अशी खात्याची रचना झाली.

येथवरची हकीकत एका उदार राजाच्या दातृत्वाची आहे, आणि ती पुष्कळांस ठाऊक असते. तिच्यामागील हिशेबाची पद्धत मात्र फारशी सांगितली जात नाही. महाराजांची इच्छा असती तर हुजूरहुकमाने प्रत्येक गावी पुस्तकांचे कपाट पोहोचविता आले असते. त्यांनी तसे केले नाही. गावाने वर्गणी जमवून ठरावीक रक्कम उभी करावी. मग तेवढीच रक्कम प्रांत पंचायत देईल आणि तेवढीच सरकार देईल, असा नियम त्यांनी घातला. खेड्यासाठी या वार्षिक रकमेची मर्यादा १०० रुपये, मोठ्या कसब्यासाठी ३०० आणि प्रांताच्या मुख्य गावासाठी ७०० अशी होती. म्हणजे ज्या खेड्याने शंभर रुपये गोळा केले, त्याच्या वाचनालयापाशी वर्षअखेर तीनशेची पुंजी होई. इमारतीच्या बाबतीतही हेच तत्त्व होते. एक भाग लोकांचा, एक पंचायतीचा, एक सरकारचा. ज्या काळी संस्थानी मुलखात प्रत्येक गोष्ट दरबाराच्या मर्जीने होई, त्या काळी एका सार्वजनिक संस्थेच्या जमाखर्चात लोकांचा तिसरा वाटा असणे ही सामान्य गोष्ट नव्हती.

हा वाटा आपोआप जमा होत नसे. त्यासाठी दारोदार जाऊन पटवून देणारी माणसे लागत, आणि सुदैवाने ती होती. वसोचे शिक्षक मोतीभाई अमीन यांनी सरकारी खाते निघण्यापूर्वीच आपल्या मित्रमंडळाच्या द्वारे गावोगाव वाचनालये चालविली होती. अशा माणसास परका न मानता सरकारने त्यांनाच आपल्या खात्यात सामावून घेतले. पुढे वाचनालयांना पुस्तके व साहित्य पुरविण्यासाठी एक सहकारी मंडळही निघाले. सारांश, ज्यांनी आधी वर्गणी दिली तेच पुढे व्यवस्थापक झाले.

त्याच सुमारास सातासमुद्रापलीकडे असाच एक सौदा झाला होता. १९०१ साली अँड्र्यू कार्नेगी यांनी न्यूयॉर्क शहरास शाखा-ग्रंथालयांसाठी बावन्न लाख डॉलर देऊ केले. पण जागा आणि पुढील खर्चाचा भार शहराने उचलावा, अशी अट घातली. दोन्ही दात्यांना एकच गोष्ट उमगली होती. नुसत्या देणगीने इमारत उभी राहते, पण ती चालू ठेवण्यास घेणाऱ्याचाही हात लागावा लागतो. भेद एवढाच, की कार्नेगींची अट नगरपालिकेच्या करावर भागत असे, तर बडोद्यात ती माणसांच्या वर्गणीवर भागवावी लागे.

या पद्धतीत एक उणीव होती, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. ज्या गावात पैसा होता, त्यास सरकारचा पैसाही सहज मिळे. आणि ज्या गावास शंभर रुपये जमविणे अशक्य, त्याची झोळी रिकामीच राहण्याचा धोका होता. गरजवंतास कमी आणि संपन्नास अधिक, असे हे उलटे माप होय. त्यावर उतारा म्हणून फिरती ग्रंथालये योजली गेली. पुस्तकांनी भरलेल्या मजबूत लाकडी पेट्या मध्यवर्ती ग्रंथालयातून गावी जात, आणि नेण्या-आणण्याचा खर्चही सरकारच सोशी. मागणारा माणूस जबाबदार असला म्हणजे पुरे. वर्गणीचा आग्रह आणि मोफत पेटी या दोहोंच्या जोडीनेच ही चळवळ शेकडो गावांत रुजली.

आपल्यासारख्या घर सोडून आलेल्यांनी या इतिहासाची आणखी एक बाजू ध्यानी घ्यावी. बॉर्डननंतर या कामाची धुरा वाहणारे आणि १९१९ साली या चळवळीचा इंग्रजी वृत्तांत प्रसिद्ध करणारे जनार्दन सखाराम कुडाळकर मराठी होते. मोतीभाई गुजराती होते. १९१२ साली निघालेले ग्रंथालयविषयक त्रैमासिक इंग्रजी, गुजराती व मराठी अशा तिन्ही भाषांत असे. मराठी ग्रंथ जपले गेले. परंतु मोठा खर्च आणि मोठे श्रम झाले ते शेजाऱ्याच्या भाषेतील वाचकासाठी, आणि त्याबद्दल कोणी उपकाराची भाषा केल्याचे दिसत नाही.

१९३१ साली बडोद्यात मांडवीजवळ मध्यवर्ती ग्रंथालयाची नवी वास्तू उभी राहिली. तिच्यातील ग्रंथांच्या लोखंडी मांडण्या आणि काचेच्या जमिनी पाहावयास आजही लोक जातात. वरच्या मजल्याचा उजेड त्या काचांतून खालच्या मजल्यावरील ग्रंथांवर उतरतो. १९३९ साली महाराज गेले. १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, आणि १९६० पासून तो मुलूख गुजरात राज्यात आहे. गादी गेली, दरबार गेला. ग्रंथालय वाचकांसाठी उघडे राहिले.

आपल्या मंडळाच्या पुस्तकांच्या कपाटासाठी पावतीपुस्तक घेऊन पुन्हा कोणी दाराशी आले, तर बडोद्याचा हा हिशेब आठवावा. एखादा मोठा दाता मिळाला तर आनंदच आहे. परंतु त्याची देणगी कितीही मोठी असो, आपला तिसरा वाटा आपणच भरावयाचा आहे.