जुन्या बिनतारी यंत्रांचें मोल

दुसरें महायुद्ध १९४५ सालीं संपलें, तेव्हां अमेरिकन सरकारच्या कोठारांत संदेश घेणाऱ्या व देणाऱ्या बिनतारी यंत्रांचे ढीग उरले. शिल्लक युद्धसाहित्याच्या विक्रीचा कायदा १९४४ सालींच झाला होता. परत आलेल्या सैनिकांना तींत अग्रक्रमही होता. परंतु त्यांनीं रास्त किंमत ओळखावी कशी?

सरकारनें मोजलेल्या मूळ किंमतीचा येथें उपयोग नव्हता. सैनिकाच्या पाठीवरचें ‘एससीआर-३००’ हें १८ व्हॉल्व्हांचें यंत्र ४० ते ४८ मेगासायकलवर चाले. हौशी प्रक्षेपकांना तेथें बोलण्याची परवानगीच नव्हती. विमानांतील कित्येक संचांना २८ व्होल्टांचा पुरवठा लागे. घरच्या विजेवर ते चालविण्यास निराळी जोडणी करावी लागे.

म्हणून जाणता गिऱ्हाईक उलट बाजूनें हिशेब करी. दुरुस्त यंत्र आपल्याला केवढ्याचें, हें तो आधीं ठरवी. त्यांतून फेरबदलाचा व नव्या भागांचा खर्च वजा करी. उरे ती रास्त किंमत. कांहींच न उरल्यास व्हॉल्व्ह, कंडेन्सर व तारेचीं वेटोळीं यांचाच भाव धरी. रणांगणावर ज्याच्या भरंवशावर पलटणी लढल्या, तें यंत्र असें सुट्या भागांच्या मोलानें जाई. त्यांत यंत्राचा अपमान नव्हता. सैनिकाची तुटपुंजी शिल्लक मात्र वांचे.