जोड तुटला तर? बैलगाडीच्या जुवापासून एसयूव्हीच्या टो हिचपर्यंत

१/
नागपूरच्या एखाद्या वसाहतीत रविवारी सकाळी कोणी एसयूव्हीखाली आडवे होऊन टो हिच बसवत असेल, तर ते दृश्य अगदी आजचे वाटते. बाजारातून मागवलेली लोखंडी चौकट, काही बोल्ट आणि टोकाला एक गुळगुळीत गोळा. परंतु ओढणाऱ्याला ओझे जोडण्याचा हा प्रश्न या शहराहूनही जुना आहे.

२/
अशा प्रत्येक जोडाला तीन प्रश्न विचारावे लागतात. तो चटकन जोडता-सोडता येतो का? भार नेमका कोठे पडतो? आणि जोड तुटला तर काय होईल? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे माणसाने लवकर शोधली. तिसऱ्याचे उत्तर मात्र बहुधा अपघातानंतरच मिळाले. हा थ्रेड त्या तिसऱ्या प्रश्नाचा इतिहास आहे.

३/
रेल्वे येण्यापूर्वी वऱ्हाड-नागपूरचा कापूस बंजाऱ्यांच्या तांड्यांबरोबर शेकडो मैल दूर, गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जाई. वाहन म्हणजे बैलाची पाठ. या पद्धतीत जोडच नव्हता. एक बैल कोसळला तर त्याच्या पाठीवरच्या गोण्या तेवढ्या पडत. मागचा तांडा बाजूने पुढे निघून जाई. नुकसानाला आपोआप मर्यादा होती.

४/
बैलगाडी आली आणि जोड आला. मानेवर जू, मान सरकू नये म्हणून जुवात शिवळा आणि जुवापासून गाडीपर्यंत धुरी. पाठीवर मावेल त्याच्या कितीतरी पट माल आता चाकांवर ओढता येऊ लागला. पण सगळी ओढ एका जागी एकवटली आणि ती जागा म्हणजे जू व धुरी यांचा बांध.

५/
गाडीवानाला आणखी एक गोष्ट ठाऊक होती. माल मागे जास्त भरला की गाडी ‘उलाळ’ होते: मागचा भाग खाली दबतो, धुरी वर उचलली जाते आणि जू बैलांच्या गळ्याला आवळते. पुढे जास्त भरला तर सगळा भार मानेवर येतो. म्हणून गाडी भरताना थोडेसेच वजन पुढे ठेवायचे, हा अनुभवाचा नियम.

६/
आजच्या ट्रेलरचे शास्त्र हेच सांगते. ट्रेलरच्या एकूण वजनाचा काही भाग हिचच्या गोळ्यावर दाबून राहिला पाहिजे. अमेरिकेत तो साधारण १० ते १५ टक्के धरतात. तो फार कमी झाला तर वेगात ट्रेलर शेपटीसारखा हेलकावू लागतो आणि पुढची गाडीही ओढून नेतो. उलाळ गाडीचेच हे डांबरी रस्त्यावरचे रूप.

७/
पहिल्या प्रश्नाचे, म्हणजे चटकन जोडण्या-सोडण्याचे, उत्तर रणांगणावर सापडले. तोफेच्या शेपटाला लोखंडी कडे असे. ते पुढच्या दोनचाकी गाड्यावरील आकड्यात किंवा खुंटीत अडकवले की तोफ चालू लागे. उचलले की तोफ जमिनीवर, माऱ्याला तयार. पुढच्या गाड्याला बैल किंवा घोडे जुंपलेलेच राहत.

८/
२६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ रोजी सीताबर्डीच्या टेकड्यांवर अप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि कंपनीची पलटण यांची गाठ पडली. छोटी टेकडी अरबांच्या हाती जाताच तेथून मोठ्या टेकडीवर तोफमारा सुरू झाला. पुढे कॅप्टन फिट्झगेराल्डच्या घोडदळाने हल्ला चढवून भोसल्यांच्या तोफा हिसकावल्या. तोफ कोणाच्या हाती आणि किती वेगाने हलते, यावर दिवस ठरत होता.

९/
कडे आणि आकडा ही जोडी लक्षात ठेवावी. लष्करी ट्रकमागे आजही जवळपास तीच जोडी दिसते. मात्र तोफेचा जोड तुटला तर फार तर तोफ वाटेत बसे. वेग माणसाच्या चालीएवढाच होता. तिसरा प्रश्न प्राणघातक झाला तो वाफेच्या इंजिनाबरोबर.

१०/
१८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा फाटा भुसावळहून नागपूरला पोहोचला. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. कापूस, कोळसा आणि कापड यांचे डबे सतत जोडायचे आणि सोडायचे, हे आता रोजचे काम बनले. ते करणारा माणूस दोन डब्यांच्या मध्ये उभा राहत असे.

११/
डब्यांचा जोड होता स्क्रू कपलिंगचा. एका डब्याची लोखंडी कडी दुसऱ्या डब्याच्या आकड्यात टाकायची आणि मधला दांडा फिरवून ती ताणायची. दांड्याच्या एका अर्ध्या भागावर उजवे आटे, दुसऱ्यावर डावे; त्यामुळे एकाच दिशेने फिरवले की दोन्ही कड्या जवळ येत. पण त्यासाठी बफरांखालून वाकून आत शिरावे लागे. इंजिन अवेळी हलले तर माणूस दोन बफरांमध्ये सापडे.

१२/
अमेरिकेत परिस्थिती अधिक भीषण होती. तेथील ‘लिंक अँड पिन’ जोडात डबे एकमेकांवर येत असतानाच हाताने कडी धरून खिळा टाकावा लागे. दरवर्षी हजारो कामगार जखमी होत. बोटे गेलेला हात ही जुन्या ब्रेकमनची ओळख मानली जाई.

१३/
तोडगा काढला तो व्हर्जिनियातील ईली जॅनी या दुकानातील कारकुनाने. दोन हातांची बोटे वाकवून एकमेकांत अडकवावीत, तसा जोड त्याने लाकूड कोरून घडवला आणि १८७३ मध्ये त्याचे पेटंट घेतले. डबे टेकले की जोड आपोआप मिटे. तरीही कंपन्यांनी खर्चाचे कारण पुढे केले. स्वयंचलित जोड सक्तीचे करणारा कायदा १८९३ मध्ये झाला: शोधानंतर तब्बल २० वर्षांनी.

१४/
भारतीय रेल्वेच्या मालडब्यांवर आणि एलएचबी डब्यांवर आज दिसणारा सेंटर बफर कपलर हा जॅनीच्या त्या वाकलेल्या बोटांचाच वंशज आहे. नागपूर स्थानकावर उभ्या एलएचबी गाडीच्या दोन डब्यांमध्ये डोकावले, तर ती पकड सहज ओळखता येते.

१५/
जोडताना माणूस वाचला. पण जोड सुटल्यावर काय? १२ जून १८८९, आयर्लंडमधील आर्मा. मुलांनी भरलेली सहलीची गाडी चढावर अडकली. तिचे दोन भाग करून पुढचा भाग आधी नेण्याचे ठरले. मागच्या डब्यांना टेकू म्हणून चाकांमागे दगड ठेवले गेले. पुढचा भाग सुरू होताना किंचित मागे आला, धक्का बसला आणि मागचे डबे उतारावरून सुटले.

१६/
त्या गाडीला निर्वात ब्रेक होता, पण साधा: इंजिनाने नळीतील हवा ओढून घेतली तरच तो लागे. इंजिनापासून तुटलेल्या डब्यांना ब्रेकच उरला नाही. मागून येणाऱ्या दुसऱ्या गाडीवर ते आदळले. सुमारे ८० जण दगावले, त्यांत अनेक मुले होती.

१७/
त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने कायदा करून प्रवासी गाड्यांना ‘स्वयंचलित’ अखंड ब्रेक सक्तीचा केला. तत्त्व उलटे करण्यात आले. नळीत निर्वात टिकून आहे तोवर ब्रेक मोकळा. नळी तुटली की ब्रेक आपोआप लागतो. आणीबाणीची साखळी ओढल्यावर गाडी थांबते ती याच तत्त्वाने. तुटणे हीच थांबण्याची आज्ञा ठरली. तिसऱ्या प्रश्नाचे हे पहिले खरे उत्तर होय.

१८/
नागपूरने जोडांचा आणखी एक धडा पाहिला. १८८० च्या दशकाच्या आरंभी नागपूरहून छत्तीसगडकडे गेलेला मार्ग मीटर गेजचा होता, तर मुंबईकडून आलेला ब्रॉड गेजचा. दोन्हींचे डबे एकमेकांना जोडणे अशक्य. माल हमालांच्या पाठीवरून इकडून तिकडे जाई. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बेंगॉल नागपूर रेल्वेने तो मार्ग ब्रॉड गेज केला. पुढे परिसरात अडीच फुटी नॅरो गेजही पसरली.

१९/
मोतीबाग येथे २००२ पासून नॅरो गेज रेल्वे संग्रहालय आहे. नॅरो गेजच्या डब्यांच्या टोकाकडे नीट पाहावे. ब्रॉड गेजच्या जुन्या डब्यांसारखे दोन कडांना दोन बफर तेथे नसतात. ढकलणे आणि ओढणे ही दोन्ही कामे मध्यभागी एकाच जागी होतात. तीव्र वळणांवर डबे मोकळेपणाने वळावेत, हा त्यामागचा हेतू.

२०/
रुळांवरून रस्त्याकडे वळू. १९४१ पासून महायुद्धात उतरलेल्या जीपच्या मागे एक मिटणारा आकडा होता आणि तिच्या पाव टनी ट्रेलरच्या टोकाला कडे होते. म्हणजे तोफगाड्याचीच जुनी जोडी. सोबत दोन साखळ्या: आकडा निसटला तरी ट्रेलर रस्त्यावर मोकाट सुटू नये म्हणून. युरोपातील जुन्या रेल्वेडब्यांनाही मुख्य जोडाच्या दोन्ही बाजूंना अशाच साखळ्या असत.

२१/
२ ऑक्टोबर १९४५ रोजी स्थापन झालेली मुंबईची ‘महिंद्र अँड मोहम्मद’ ही कंपनी १९४८ मध्ये ‘महिंद्र अँड महिंद्र’ झाली आणि विलीजच्या जीपची जुळणी भारतात होऊ लागली. आजच्या भारतीय एसयूव्हींच्या वंशावळीत हे नाव अग्रभागी येते. पुढे कंपनीचा ट्रॅक्टर कारखाना नागपूरच्या हिंगणा औद्योगिक वसाहतीत उभा राहिला.

२२/
ट्रॅक्टरने जोडाच्या उंचीचा धडा दिला. ओढीचा बिंदू मागच्या आसाहून वर गेला आणि नांगर खडकात अडकला, तर ट्रॅक्टर मागच्या चाकांभोवती उलटून चालकाच्या अंगावर येऊ शकतो. सुरुवातीच्या फोर्डसन ट्रॅक्टरांची ही कुख्याती होती. हॅरी फर्ग्युसनने १९२६ मध्ये पेटंट घेतलेल्या तीनबिंदू जोडाने नांगर आणि ट्रॅक्टर एकसंध झाले व हा धोका बराच घटला.

२३/
आता पुन्हा अंगणातील एसयूव्हीकडे. थार, बोलेरो, स्कॉर्पिओ-एन यांना शिडीसारखी स्वतंत्र चॅसिस असते. हिचची चौकट तिच्या दोन लांब पट्ट्यांना बसते. क्रेटासारख्या गाडीत वेगळी चॅसिस नसते, कवच हेच शरीर. तेथे कंपनीने मजबूत केलेल्या नेमक्या जागीच चौकट बसली पाहिजे. बंपरला किंवा पातळ पत्र्याला बोल्ट मारणे म्हणजे धुरीऐवजी गाडीच्या ताटीला बैल जुंपणे.

२४/
बाकीचे काम चिकाटीचे. तयार छिद्रे असतील तर तीच वापरायची, उगाच नवी पाडायची नाहीत. ८.८ किंवा १०.९ प्रतीचे बोल्ट, टॉर्क पाना, सांगितलेल्या न्यूटन-मीटरइतकीच घट्टाई आणि थोडे अंतर चालल्यावर पुन्हा तपासणी. ट्रेलरच्या ब्रेक-दिव्यांसाठी वेगळी वायर व रिले. मूळ वायरिंगला जागोजागी टाचणी मारणे नव्हे.

२५/
गोळ्याचे मापही तपासावे. युरोपीय प्रमाण ५० मिलिमीटर, अमेरिकी २ इंच म्हणजे ५०.८ मिलिमीटर. फरक एका मिलिमीटरहूनही कमी, पण २ इंची टोपी ५० च्या गोळ्यावर सैल बसते आणि धक्क्याने उचलली जाऊ शकते. नागपूरच्या दोन गेजमधील फरक डोळ्यांना दिसत होता. हा दिसत नाही, म्हणून अधिक घातक.

२६/
आणि तिसरा प्रश्न? ट्रेलरच्या दांड्याखालून दोन साखळ्या फुलीसारख्या अडकवतात, म्हणजे जोड निसटल्यास दांडा जमिनीत रुतण्याऐवजी त्यांच्या झोळीत पडतो. स्वतःचा ब्रेक असलेल्या ट्रेलरला एक बारीक तारही असते. ट्रेलर सुटला की ती ताणली जाते आणि त्याचा ब्रेक लावते. आर्माचा धडा आता बोटाएवढ्या जाडीच्याही नसलेल्या तारेत मावतो.

२७/
कायद्याचीही एक साखळी आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या व्याख्येनुसार ट्रेलर हेही ‘मोटार वाहन’ आहे. त्याची स्वतंत्र नोंदणी लागते. कलम ५२ प्रमाणे निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरणारा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. म्हणून पाना हाती घेण्यापूर्वी गाडीचे माहितीपुस्तक उघडावे आणि आरटीओत विचारणा करावी.

२८/
बंजाऱ्यांच्या तांड्यात जोड नव्हता, म्हणून त्याचे भयही नव्हते. नंतरच्या प्रत्येक पिढीने अधिक ओझे अधिक वेगाने ओढले आणि सुरक्षिततेचा एकेक नियम कोणाच्या तरी बोटांच्या, हातांच्या किंवा प्राणांच्या मोबदल्यात मिळवला. हिचखाली लोंबणाऱ्या त्या दोन साखळ्या बिनकामाच्या वाटतात. त्या बिनकामाच्याच राहाव्यात. पण अडकवलेल्या असाव्यात.